माइक कुणाचा, घाम कुणाचा

नोव्हेंबर उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच विषय, गॅदरिंग. दरवर्षी स्पीकर शिट्टी मारतोय, मागच्या रांगेला ऐकू जात नाही असलं काहीबाही असतं, यंदा मात्र बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर, अंगावर लावायचे माइक साफ कसे करायचे. बऱ्याच शाळांनी आता भाड्याने आणण्याऐवजी स्वतःचे कॉलर माइक नि हेडसेट घेतलेत, आणि एकदा कपाटात आले की ते वर्षभर पन्नास गालांना लागतात. साउंडवाल्याचे होते तेव्हा निदान शिव्या घालायला कुणीतरी होतं. तर यावेळी बाकी सगळं बाजूला, हेच.

प्रश्न : दादा नमस्कार, आमच्या बालनाट्यात २३ मुलं आणि हेडसेट माइक ८. म्हणजे खानाच्या वकिलाचा माइक पुढच्या प्रवेशात जिजाऊंच्या कानावर. मी मधल्या वेळात हँड सॅनिटायझर मारून रुमालाने पुसते. परवा दोन मुलांना सर्दी झाली तर एका पालकांनी लगेच ग्रुपवर टाकलं, माइकमुळे झाली म्हणून. माझं काही चुकतंय का?
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, पुसताय ते बरोबर, सॅनिटायझर चूक, आणि रुमाल तर अजिबात नको कारण सातव्या मुलापर्यंत त्या खोलीतली सगळ्यात घाण वस्तू तो रुमालच झालेला असतो.

हँड सॅनिटायझर हातासाठी असतं, हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन घालतात, जागतिक आरोग्य संघटनेचा जो फॉर्म्युला आहे त्यातही ते १.४५ टक्के आहे. हाताला बरं वाटतं पण माइकच्या जाळीवर तेच चिकट होऊन बसतं, त्यावर पावडर, त्यावर पॅनकेकचा मेकअप, आणि चार प्रयोगांत जाळीची भोकं बुजतात. जेलवालं असेल तर विचारूच नका. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, ७० टक्क्यांचं (पुढे स्पिरिट म्हणतो ते हेच). कुणीतरी हटकून सांगेल की ९९ टक्केवालं जास्त स्ट्राँग, ते घ्या. नको. ९९ वालं भर्रकन उडून जातं आणि जंतूचं वरवरचं आवरण तेवढं गोठवतं, ७० मध्ये पाणी असतं म्हणून ते जरा वेळ ओलं राहतं आणि आतपर्यंत पोचतं. ९९ ची छोटी बाटली असलीच तर कनेक्टर आणि बॅटरीच्या पट्ट्या पुसायला ठेवा, तिथे पाणी नकोच असतं. डेटॉल, फिनेल, ब्लीच यातलं काही नाही. नेलपॉलिश रिमूव्हर तर लपवूनच ठेवा, त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं आणि ॲसिटोन प्लॅस्टिक खातं. आणि माइकबरोबर आलेलं पत्रक टाकून दिलं नसेल तर एकदा वाचा, काही केबलना सारखं स्पिरिट लावलं की त्या कडक होऊन तडकतात, अशांना नुसतं साबणाचं पाणी बरं.

आता पुसायचं कसं. माइक बंद, आपले हात धुतलेले. गालाचा रंग, मेकअप दिसत असेल तर आधी पाण्यात साबणाचा एक थेंब, त्यात कापड बुडवून घट्ट पिळून त्याने मळ काढायचा, कारण मळावरूनच स्पिरिट फिरवलं तर आंघोळ मळाला होते आणि खालचे जंतू आरामात बसून असतात. मग नवा टिश्यू, स्पिरिट टिश्यूवर घ्यायचं, माइकवर नाही, टिश्यू ओला हवा पण टपकणारा नको. माइकचं तोंड जमिनीकडे धरायचं, आधी दांडी, मग कानावरची तार, मग केबल धरत धरत पॅकपर्यंत, म्हणजे कमरेला लावायच्या ट्रान्समीटरच्या डबीपर्यंत. नेहमी माइककडून पॅककडे, उलट नाही. तोंडाच्या जाळीला नुसता हलका स्पर्श, घासायचं नाही. अर्धा ते एक मिनिट ओलं दिसलं पाहिजे आणि मग आपोआप वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही! मी दहादा सांगून झाल्यावरही पोरं पहिली गोष्ट तीच करतात, पुसलं की फू.

तोंड खाली का, तर त्याला माझीच एक लाजिरवाणी गोष्ट आहे. पंधराएक वर्षं झाली असतील, एका शाळेचं नाटक, तिसरी घंटा व्हायला आलेली आणि मी घाईत स्प्रेची बाटली उचलून सरळ माइकवर फुस्स फुस्स मारलं, पुसलं, मुलीच्या कानावर चढवलं. पडदा गेला, ती पहिलं वाक्य बोलली आणि स्पीकरमधून पापड भाजल्यासारखा आवाज. आत कॅप्सूल म्हणून मुगाच्या दाण्याएवढी डबी असते, तिच्यात केसाहून पातळ पडदा, त्याच्यावर थेंब गेला होता. मी कन्सोलवर, म्हणजे सगळ्या माइकचा आवाज कमी-जास्त करायच्या बोर्डवर, तिचा माइक बंद केला, तिला कुणी काही सांगितलं नव्हतं पण तिला कळलं, आणि तिने अख्खा प्रवेश मागच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्यावर नेला. माइक दोन दिवसांनी वाळून परत बोलायला लागला पण पहिल्यासारखा कधीच नाही. त्या दिवसापासून माझ्या पेटीत स्प्रेची बाटली नाही.

ऐतिहासिक नाटक आहे म्हणून आणखी एक. दाढी-मिशा स्पिरिट गमने लावल्या असणार, आणि स्पिरिट गम स्पिरिटनेच सुटतो. मुलाच्या अंगावर माइक असताना तसाच ओला बोळा फिरवला तर मिशीचं एक टोक उठतं आणि ते दिव्याखाली गेल्यावरच दिसतं. खानाची दाढी एका कानाला लोंबकळताना मी पाहिलीय, सगळ्यात आधी हसली ती खानाची सख्खी आजी. तेव्हा पुसायचं ते माइक उतरवूनच. आणि नटराजपूजन त्याच खोलीत होत असेल तर निरांजन आणि स्पिरिटची बाटली एका टेबलावर नको, हे पेट घेणारं सामान आहे, पूजा आटपेपर्यंत बूच लावून लांब ठेवा.

राहिला आठ-तेवीसचा हिशोब. ज्यांना जास्त संवाद आहेत अशा पाच जणांना पाच माइक पक्के देऊन टाका, पहिल्या रंगीत तालमीपासून शेवटच्या प्रयोगापर्यंत त्यांचेच, वर रंगीत टेप आणि नंबर. उरलेले तीन फिरते. फिरते माइक काढायला-लावायला एकच माणूस, आणि त्याला दुसरं काहीच काम द्यायचं नाही, प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातलं सामान, सांभाळता सांभाळता माइक पुसतो म्हणणारा पुसत नाही. मावळ्यांच्या अंगावर माइक नकोच, स्टेजच्या पुढच्या कडेला दोन माइक जमिनीलगत ठेवले तर हर हर महादेव झकास उचलतात. माइकच्या तोंडावरची फोमची टोपी मात्र ज्याची त्याची, छोट्या झिपच्या पिशवीत, पिशवीवर नाव. माइक फिरला तरी टोपी फिरत नाही. फोम स्वस्त असतो, माइक नसतो.

सर्दीचं म्हणाल तर २३ मुलं रोज दोन तास एका वर्गात एकमेकांच्या तोंडावर ओरडतायत, सर्दीला माइकची गरजच काय. पण हे ग्रुपवर लिहू नका. ग्रुपवर माइक पुसतानाचा फोटो टाका, विषय संपतो.

प्रश्न : माझी मुलगी चौथीत आहे, झाशीची राणी झालीय. माइक कपाळावर केसांच्या कडेला लावतात. आणि काल तिच्या डोक्यात उवा सापडल्या. बाईंना सांगितलं तर रोल जाईल अशी भीती वाटते, नाही सांगितलं तर इतर मुलांना लागतील. काय करू?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : सांगा ताई, पण गेटवर चार आयांसमोर नको, बाईंना संध्याकाळी फोन करा. उवा पसरतात त्या मुख्यतः डोक्याला डोकं लागून, म्हणजे विंगेत एका मोबाइलमध्ये पाच डोकी घालून बसतात ना, तिथे. माइकवरून लागण्याची शक्यता फार कमी, आणि डोक्यावरून उतरलेली ऊ रक्त मिळालं नाही की एक-दोन दिवसांत मरते. तर तिचा माइक तिलाच ठेवा, तालीम झाली की पुसून, वाळवून, दोन दिवस पिशवीत बंद. तालीम रोजची असेल तर तिच्याशिवाय तो कुणी लावायचा नाही एवढंच. विग, फेटे आणि कंगवा यांच्याकडे मात्र बघा, खरी अदलाबदल तिथे चालते आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. उवांचं औषध डोक्याला, माइकला नाही (हसू नका, एकांनी लावलं होतं).

मला खरं तर उवांपेक्षा तेलाची काळजी. प्रयोगाच्या सकाळी आया चप्प तेल लावून दोन वेण्या घालून पाठवतात, केसांच्या कडेला बसवलेला माइक ते तेल पितो, टेप धरत नाही, तिसऱ्या प्रवेशात माइक घरंगळून कानामागे जातो. आदल्या रात्री केस धुवा, त्या दिवशी तेल नको, आजी रागावल्या तरी चालेल.

प्रश्न : मे महिन्यातलं नाट्यशिबिर, समारोपाचा प्रयोग, बंद हॉल, वर चार पंखे. पहिली वीस मिनिटं माइक उत्तम, मग एकेकाचा आवाज डब्यातून बोलल्यासारखा व्हायला लागला. हेअर ड्रायर मारला, रात्री तांदळात पुरून ठेवले. माइक गेले का?
– कलाशिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सर, गेले नाहीत, बुडालेत. घाम कपाळावरून निघतो, केबलला धरून खाली सरकतो आणि बरोबर जाळीवर येऊन थांबतो. तो एक थेंब भोक झाकतो, मग स, श, च असली अक्षरं आत येतच नाहीत, नुसता घूं घूं आवाज जातो, तोच तुमचा डबा. कन्सोलवर बसलेला माणूस अशा वेळी व्हॉल्यूम वाढवतो आणि शिट्टी सुरू होते, म्हणून आधी त्याला सांगून ठेवा की वाढवू नकोस, मुलाला विंगेत बोलाव.

विंगेत काय करायचं तर माइक म्यूट, जाळीची छोटी टोपी निघत असेल तर काढायची, तोंड खाली करून टिश्यूच्या टोकाने थेंब टिपायचा, कोरडी टोपी लावायची. दोन-चार जास्तीच्या टोप्या खिशात असतील तर सगळं मिनिटाभरात होतं. ड्रायरची गरम हवा नको, प्लॅस्टिक नि आतला पडदा दोघांनाही ती सोसत नाही, थंड हवेचं बटण असेल तर हातभर लांबून चालेल. दाबाच्या हवेचे डबे मिळतात कॉम्प्युटर साफ करायचे, ते तर अजिबात माइकच्या तोंडावर मारू नका, पडदा फाटतो. आणि तांदूळ भातासाठी ठेवा, त्याचं पीठ जाळीत जातं, वर तुम्ही तो दमट कोकणातल्या दमट डब्यातून काढलेला, तो काय शोषणार. हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या, बस. पण डब्यात घालायच्या आधी माइक रात्रभर उघड्यावर पंख्याखाली वाळलेला हवा. ओला माइक प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून जूनमध्ये कपाटात ठेवला की ऑगस्टमध्ये फोमवर काळे ठिपके घेऊनच बाहेर येतो.

पुढच्या वेळी घाम येऊच न देणं आपल्या हातात नाही पण त्याची वाट बदलता येते. माइकच्या तोंडापासून साधारण बोटभर मागे केबलवर टेपची बारीक पट्टी दोन-तीन वेढे गुंडाळून कडं करा, घाम तिथे अडतो आणि बाजूला ओघळतो. हेडसेट असेल तर तोंड ओठांच्या अगदी समोर नको, गालाच्या कडेला, म्हणजे घामही कमी आणि थुंकीही कमी, प आणि फ चे फटकेही नाहीत. टेप लावायच्या आधी त्वचा कोरडी पुसलेली पाहिजे, मायक्रोपोरसारखी कागदी टेप घ्या, विजेच्या वायरची काळी टेप मुलांच्या गालावर लावणारे महाभाग आहेत, त्यांनी ती आधी स्वतःच्या दंडावर लावून ओढून पाहावी. टेप दर वेळी नवी. टेपचा तुकडा आदल्या दिवशी कोपराच्या आत लावून ठेवला तर कुणाला पुरळ येतं ते आधीच कळतं. आणि मानेवर, गालावर कुणाला नायट्याचा गोल चट्टा दिसला तर त्या मुलाचा माइक कुडत्याच्या गळ्याला टोचा, त्वचेला लावू नका, आणि तो माइक त्या प्रयोगात दुसऱ्याला नको. आपल्याकडे दमट हवेत नायटा किती असतो ते तुम्हाला मी काय सांगणार.

फोम धुवायचा असतो हे पुष्कळांना माहीतच नसतं. कोमट पाणी, शाम्पूचा थेंब, दहा मिनिटं बुडवून हलके दाबायचं, पिळून मुरगळायचं नाही, दोन पाण्यांतून काढून सावलीत निदान एक दिवस. फोमला स्पिरिट नको, भुगा होतो. बोटांनी दाबल्यावर भुगा पडायला लागला तर धुण्यात अर्थ नाही, फेका. कमरेचे इलॅस्टिक पट्टे पण धुवा, मी एका शिबिरात वास कुठून येतोय म्हणून अर्धा तास शोधत होतो, पट्टे निघाले.

प्रश्न : २०२३ च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा आमच्या संस्थेने निळ्या प्रकाशाचा यूव्ही डबा घेतला. दहा मिनिटं माइक त्यात ठेवले की झालं ना? पुसायचं काम वाचेल.
– एक विश्वस्त, पिंपरी

उत्तर : वाचणार नाही साहेब. यूव्ही प्रकाशाला जे दिसतं तेवढंच तो मारतो, जाळीच्या आत, फोमच्या आत, केबलच्या वेटोळ्याखाली सावली असते आणि जंतू सावलीतच असतात. मळाखाली तर काहीच पोचत नाही. वर प्लॅस्टिक पिवळं पडतं, आणि झाकण उघडून चालू दिवा बघत बसणाऱ्या मुलांच्या डोळ्यांना त्रास होतो तो वेगळाच. पुसलेल्या माइकला वरून द्यायचा तर द्या, पैसे खर्च झालेच आहेत.

दुसरं एक ऐकायला येतं, माइक तीन दिवस बाजूला ठेवले की आपोआप शुद्ध. हे २०२० मधून आलंय, तेव्हा प्रयोगशाळेत प्लॅस्टिकवर करोनाचा विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला होता. पण डोळे येण्यामागचे काही विषाणू कोरड्या वस्तूवर त्याहून खूप जास्त टिकतात, आठवडेसुद्धा. डोळे आलेल्या मुलाने डोळा चोळून माइक धरला की संपलं. त्याला त्या दिवशी माइक नाही, खरं तर शाळाच नाही.

प्रश्न : मी अकरावीत आहे, शाळेने माजी विद्यार्थी म्हणून बॅकस्टेजला बोलावलंय. गेल्या वर्षीच्या चार पॅकमध्ये सेल तसेच राहिले होते, आता स्प्रिंगवर पांढरं-हिरवं काहीतरी आलंय. हे पण स्पिरिटने पुसू का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आधी ग्लोव्ह्ज घाल. तो सेलमधून गळलेला क्षार आहे, हाताला नि डोळ्याला चरचरतो. नुसत्या स्पिरिटने जाणार नाही. कान साफ करायच्या काडीवर पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, अगदी एक थेंब, तेवढ्याच जागी लाव, फसफसेल, मग कोरड्या काडीने टिपून घे आणि शेवटी ९९ टक्केवाल्या आयसोप्रोपिलने पूस. रात्रभर झाकण उघडं. स्प्रिंग काळी पडून झिजली असेल तर दुरुस्तीवाल्याकडे. मोबाइल रिपेअरवाल्याकडून थिनर आणू नकोस, त्या बाटलीत काय असेल ते त्यालाही माहीत नसतं. आणि यंदा पडदा पडला की सत्काराच्या आधी सगळे सेल काढायचे, नंतर म्हणशील तर कुणी थांबत नाही, सगळे वडापावकडे पळतात.

प्रश्न : आमचं मंडळ अमेरिकेत, मुलांचं गणेशोत्सवातलं नाटक. माइक भाड्याने येतात, ते आधी कुणी वापरले काय माहीत. इथल्या एका थिएटरच्या माणसाने सांगितलं की ट्रान्समीटरला कंडोम लावा. तो चेष्टा करत होता का?
– मंडळाची एक कार्यकर्ती, कॅलिफोर्निया

उत्तर : नाही हो, खरंच लावतात. मोठ्या संगीत नाटकांत नट घामाने निथळतात, पॅक कमरेला पाठीत असतो, घाम आत गेला की पॅक बंद पडतो, म्हणून वंगण नसलेला कंडोम पॅकवर चढवायची तिकडे जुनी रीत आहे. पण तुमच्या ग्रीन रूममध्ये आठ वर्षांचा बाळगणेश काकू हे काय आहे विचारणार आणि मागे सगळे आजी-आजोबा बसलेले, तेव्हा लहान झिपची पिशवी घ्या, एका कोपऱ्यातून केबल नि ॲंटेना बाहेर काढा आणि तो कोपरा टेपने बंद करा. ॲंटेना दुमडायची नाही, आवाज तुटतो. प्रयोग संपला की पिशवी लगेच काढा, आत दमट होतं.

भाड्याच्या माइकचं असं, ते देणाऱ्याला सरळ विचारा की परत आल्यावर तुम्ही कशाने पुसता. लाजू नका, चांगला साउंडवाला या प्रश्नाने खूश होतो, आणि जो चिडतो त्याच्या पेटीचं झाकण उघडल्यावर नाक सांगतंच. फोम आपले न्या, त्यांचे काढून वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाताना परत लावून द्या. आल्या आल्या एकदा पुसा, पण त्याला विचारून, कारण स्पिरिटने काही झालं तर पैसे मंडळाला भरावे लागतील. आणि गणपतीला नऊवारीत नाचणाऱ्या मुलींचे पॅक कमरेच्या गाठीत खोचू नका, मागून पदराखाली वेगळा पट्टा बांधा, नाहीतर पुसायला माइक काढायचा म्हणजे अख्खी नऊवारी सोडावी लागते, दोन प्रवेशांच्या मध्ये.